सरांची पुस्तकं कोणी नेली आणि का

सर गेले तेव्हा त्यांच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात साधारण अकराशे पुस्तकं होती. खरं तर बरीच जास्त असायला हवी होती. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेली (धोक्याची पातळी ४५), आणि सरांच्या सगळ्या कपाटांचे खालचे कप्पे बुडाले. पाणी उतरल्यावर मी मदतीला गेले होते. पुस्तकं फुगून कप्प्यात अशी घट्ट बसली होती की ओढली की पुठ्ठा हातात यायचा आणि पुस्तक आतच. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं वाळल्यावर तर चक्क विटा झाल्या. त्या कागदावरचा लेप पाण्यानं सुटतो, पानाला पान चिकटतं, मग कितीही नाजूकपणे सोडवा, फाटतंच. साध्या खरखरीत कागदावरच्या कादंबऱ्या मात्र पंख्याखाली उघड्या ठेवल्या तशा निभावल्या. डाग राहिले, कुबट वास राहिला, पण अक्षर शाबूत.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. सरांनी वयाच्या ऐंशीच्या घरात पुस्तकं माळ्यावर चढवली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. काकूंनी विश्रामबागला मुलीच्या शेजारी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि मला बोलावून सांगितलं, “त्या दोन खोल्यांत एक तर मी राहीन नाहीतर ही पुस्तकं. तू बघ काय करायचं ते.”

मी सरांची विद्यार्थिनी, पोटापाण्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल. त्यामुळे ‘तू बघ’ हे ओघानंच आलं. पुढे जे झालं त्याची मी सवयीनं नोंद ठेवली. ती इथे मांडते आहे, कारण पुस्तकं फुकट वाटणारी मंडळी आता गावोगाव दिसतात आणि मी केलेली चूक त्यातली बरीचशी करताना पाहते.

आधी दोन दारं वाजवली

एका सार्वजनिक वाचनालयात विचारलं. त्यांनी चहा पाजून नकार दिला. मला राग आला नाही, कारण त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. देणाऱ्याला वाटतं आपण पुस्तक दिलं. वाचनालयाला मिळतं ते काम. दाखल रजिस्टरात नोंद, क्रमांक, शिक्का, वर्गीकरण, मांडणीवर जागा, मग दरवर्षी साठा तपासताना मोजणी. आणि एकदा दाखल झालेलं पुस्तक कोणी दहा वर्षं उघडलं नाही म्हणून सहजी टाकता येत नाही, निर्लेखनाचे, म्हणजे नोंदीतून रीतसर काढून टाकण्याचे, सोपस्कार करावे लागतात. त्यात सरांच्या संग्रहातली निम्मी पुस्तकं त्यांच्याकडे आधीच असणार.

दुसरं दार रद्दीवाल्याचं. त्यानं गठ्ठ्यांकडे न बघता किलोचा भाव सांगितला आणि वर म्हणाला, “पुठ्ठा काढून द्या, त्याचं वजन नाय धरत.” काकू आत निघून गेल्या.

मग ठरलं की अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मे महिन्याचे दोन-तीन रविवार पुस्तकं मांडायची, ज्याला हवं त्यानं न्यावं. पैसे नाहीत, नाव-पत्ता नाही. व्हॉट्सॲपवर निरोप फिरला.

पहिला रविवार

चूक इथे झाली, आणि ती पूर्णपणे माझी. मला भीती होती की लोक ऐतिहासिक कादंबऱ्या आणि रहस्यकथा उचलतील, आणि कविता, समीक्षा, वैचारिक असं सगळं माझ्या गळ्यात राहील. म्हणून मी गठ्ठे बांधले. एका गठ्ठ्यात एक कादंबरी, एक चरित्र, एक वैचारिक, एक कवितासंग्रह, एक मुलांचं. सुतळीनं करकचून बांधलेले सत्तर गठ्ठे, त्यावर ‘घरातल्या सर्वांसाठी’ अशी चिठ्ठी. ताटात लोणच्याबरोबर पालेभाजीही वाढावी तसा हिशेब. फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

सकाळी दहाला लोक आले. पहिल्या अर्ध्या तासात पार्किंगमध्ये सुतळीचे तुकडेच तुकडे. कोणी भांडलं नाही, कोणी विचारलंही नाही. गठ्ठा उचलायचा, खांबाआड न्यायचा, गाठ सोडायची, हवं ते एक काढायचं, उरलेली चार परत टेबलावर. सभ्य लोक तेवढं तरी करत होते. काहींनी पूर्ण गठ्ठा नेला आणि नको असलेली पुस्तकं जिन्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी वॉचमननं लिफ्टशेजारून, कुंपणाच्या भिंतीवरून, एका स्कूटरच्या सीटवरून मिळून पिशवीभर पुस्तकं गोळा करून आणली. बहुतेक वैचारिक.

एक गृहस्थ छोटा टेंपो घेऊन आले आणि वीस गठ्ठे भरून घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यातली काही पुस्तकं मला स्टँडकडच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर दिसली. काकूंना सांगितलं नाही. पण मला ते फारसं वाईटही वाटलं नाही. गाड्यावर निदान माणूस एकेक पुस्तक हातात घेऊन, उलटसुलट करून, वीस रुपये द्यायचे की नाही असा विचार करतो. माझ्या टेबलावर तेवढीही सोय मी ठेवली नव्हती.

दुसरा रविवार

यावेळी सुतळी नाही. सगळी पुस्तकं सुटी, पाठ वर करून, आणि प्रकारानुसार वेगळ्या खाटांवर. ही कल्पना भिलारची. शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या या स्ट्रॉबेरीच्या गावात ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तेव्हा २५ ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं मांडली होती. या घरात इतिहास, त्या घरात कविता, पुढच्या घरात मुलांचं, अशी विभागणी. तिथली पुस्तकं घरी न्यायची नसतात, बसून वाचायची असतात, त्यामुळे आमच्या कामाशी तसा संबंध नाही. पण तिथे एक गोष्ट मी पाहिली होती. माणसाला आपल्या प्रकाराचं घर सापडलं की तो निवांत होतो. आमच्याकडे घरं नव्हती, खाटा होत्या.

दोन नियम केले. एका माणसाला तीनच पुस्तकं. आणि जाताना रजिस्टरात पुस्तकाचं नाव आणि शेवटच्या रकान्यात ‘हेच का घेतलं?’ याचं एका ओळीत उत्तर. ज्याला हवं त्यानंच फोन नंबर लिहायचा. रकाना मी माझ्या कुतूहलापोटी ठेवला होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की लोक रजिस्टरापाशी आले की पुस्तकाकडे पुन्हा एकदा बघायचे, आणि अधूनमधून एखादा परत जाऊन पुस्तक बदलून आणायचा.

तीनच्या मर्यादेनं तर चित्रच पालटलं. आदल्या रविवारी माणसं उचलत होती, या रविवारी निवडत होती. मोजून तीन म्हटल्यावर चौथं खाली ठेवावं लागतं, आणि कुठलं ठेवायचं यावर नवरा-बायकोत तिथेच, माझ्यासमोर, पाऊण तास वाद झाला. शेवटी दोघांनी वेगवेगळ्या ओळीत नावं लिहिली आणि सहा नेली. नियमात बसत होतं.

रकान्यात काय आलं

‘आवड’, ‘वाचनाची आवड आहे’, ‘छान वाटलं’ ही उत्तरं बाजूला ठेवते. ती विचारणाऱ्याच्या समाधानासाठी असतात. उरलेली वाचण्यासारखी आहेत.

सगळ्यात जास्त जी गोष्ट दिसली तिची मला अपेक्षा नव्हती. पुस्तक घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लिहिलं होतं. ‘सासूबाईंसाठी, अक्षर मोठं आहे.’ ‘पुतणी नववीत.’ ‘मित्र आजारी आहे.’ ‘आईनं हे कुणाकडून तरी आणून वाचलं होतं, परत द्यावं लागलं.’ विकत घेताना माणूस स्वतःला हवं ते घेतो बहुधा. फुकट घेताना त्याला घरातला, गल्लीतला कोणीतरी आठवतो. याचं कारण माझ्या मते साधं आहे. स्वतःसाठी फुकट घेताना किंचित लाज वाटते, दुसऱ्यासाठी घेताना वाटत नाही.

दुसरी रांग कामाची. नाटकांची खाट पहिल्या तासात रिकामी झाली, आणि ती नेणारे वाचक नव्हते, नाटकवाले होते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं त्या गावात हौशी मंडळींची कमी नाही, आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता शोधणं हा त्यांचा बारमाही उद्योग. सर शाळेत गॅदरिंगची नाटकं बसवायचे. त्यांच्या प्रतींत पेन्सिलीनं काटछाट केलेली, समासात ‘इथे दिवा मंद’, ‘टेबल डावीकडे’ असं लिहिलेलं. मी अशा खुणा केलेल्या प्रती खराब म्हणून खाली सरकवल्या होत्या. एका तरुण दिग्दर्शकानं खालूनच एक उपसली आणि म्हणाला, “मॅडम, हीच पाहिजे. दोन अंकांचं एका तासात कसं बसवायचं ते सरांनी करून ठेवलंय की.”

स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा अर्थशास्त्राचा पंधरा वर्षांपूर्वीचा जाडजूड ग्रंथ घेऊन आला. मी म्हटलं, आकडे जुने आहेत, उपयोग नाही होणार. तो म्हणाला, “असू दे वो. जाड पुस्तक समोर असलं की घरातली हाक मारत न्हाईत.” रकान्यात त्यानं ‘अभ्यास’ लिहिलं.

आणि नकाशाची बाई. नकाशांचं जुनं शालेय पुस्तक, पाठ उसवलेली, मी ते रद्दीत टाकायच्या बेतात होते. पन्नाशीच्या, आटपाडीकडच्या, समोरच्या इमारतीत स्वयंपाकाला येणाऱ्या. त्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली आहेत, दक्षिणेतलं सराफाचं गाव असेल तिथे खानापूर-आटपाडीचं घर असतंच. बाई खाटेपाशी उभं राहून पानं उलटत होत्या आणि बोटानं काहीतरी शोधत होत्या. म्हणाल्या, “थोरला कोइमतूरला हाय. धाकला आधी त्रिशूरला हुता, आता राजमुंद्रीला गेलाय म्हणं. फोनवर नावं कळत्यात, पर कुठं हाय ते कळत न्हाई.” आम्ही दोघींनी मिळून कोइमतूर शोधलं. त्रिशूर सापडलं. राजमुंद्री आधी कर्नाटकात धुंडाळली, मग आंध्रात गोदावरीकाठी मिळाली. बाई बराच वेळ तीन बोटं तीन ठिकाणी ठेवून उभ्या होत्या. रजिस्टर मी लिहिलं, त्यांनी सांगितलं ते: ‘पोरं कुठं हायत ते बघायला.’

सप्रेम भेट

दुपारी एक स्थानिक कवी आले. वयस्क, स्वच्छ झब्बा. कवितेच्या खाटेवर त्यांना स्वतःचाच संग्रह दिसला. एक नव्हे, तीन प्रती. पहिल्या पानावर सरांच्या नावे ‘सप्रेम भेट’, सही, तारीख, तिन्हीवर वेगवेगळी. म्हणजे तीनदा भेट दिला होता आणि सरांनी तीनदा घेतला होता. पानं कोरी करकरीत. त्यांनी तिन्ही प्रती उचलल्या, रजिस्टरात नाव लिहिलं, शेवटचा रकाना रिकामा ठेवला आणि निघाले. मी काही बोलू शकले नाही. आधीच्या रात्री ती पानं बघून बाजूला ठेवायला हवी होती, एवढं तरी एका ग्रंथपालाला सुचायला हवं होतं.

त्या रात्री उरलेल्या पुस्तकांचा आढावा घेतला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांवर आली. सरांकडे दोन तऱ्हेची पुस्तकं होती. एक त्यांनी स्वतः घेतलेली. मागच्या पानावर तारीख आणि गाव, कडा मऊ झालेल्या, पाठीला चिकटपट्टी. दुसरी त्यांना मिळालेली: सत्कारात नारळाबरोबर, प्रकाशन समारंभात, लेखकांकडून पोस्टानं. ती जवळजवळ सगळी न उघडलेली. सरांसारखा वाचणारा माणूस, तरी फुकट आलेलं पुस्तक त्यांच्याकडूनही वाचलं गेलं नव्हतं. आणि आमच्या खाटांवरूनही तीच मागे राहिली होती. याच सरांच्या पुस्तकांना मी सुतळी बांधून पुन्हा कुणावर तरी लादायला निघाले होते.

पुस्तक फुकट मिळालं की ते वाचलं जात नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. माझा अनुभव असा की दोष फुकटपणात नाही. सरांना त्या पुस्तकांतलं एकही निवडायला मिळालं नव्हतं.

यावर अमेरिकेतला एक अभ्यास आहे, तो मला फार आधी वाचायला हवा होता. रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅक्गिल-फ्रांझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्तीच्या शाळांत सलग तीन वर्षं उन्हाळी सुट्टीआधी मुलांना १२-१२ पुस्तकं फुकट दिली. अट एवढीच की पुस्तक मुलानं स्वतः निवडायचं. २०१० साली निष्कर्ष छापून आले. पुस्तकं मिळालेल्या मुलांचं वाचन न मिळालेल्यांपेक्षा सुधारलं होतं, आणि सर्वांत गरीब घरांतल्या मुलांत फरक जास्त होता. मुलांनी निवडलेली पुस्तकं मात्र शिक्षकांना आवडतील अशी नव्हती. गायक, टीव्ही, सिनेमा असल्या विषयांवरच्या पुस्तकांवर उड्या पडल्या होत्या. कुणी ‘चांगलं’ पुस्तक गळ्यात मारलं असतं तर काय झालं असतं ते माझ्या जिन्यात पडलेल्या पिशवीनं मला सांगितलंच होतं.

दहा रुपयांचं खोकं

तिसऱ्या रविवारी काकूंचे भाऊ आले आणि शब्दकोश फुकट द्यायला त्यांनी ठाम नकार दिला. “ह्याला काहीतरी ठेवा, दहा रुपये ठेवा, पण फुकट नाही.” म्हणून कोशांचं एक वेगळं खोकं, प्रत्येकी दहा रुपये. बाजारात ज्याला पाचशे मोजावे लागतील असे कोश होते त्यात. दिवसभर माणसं त्या खोक्यावरून पाय उचलून पलीकडच्या फुकटच्या खाटेवर वाकत होती, आणि जीर्ण मासिकं घेऊन जात होती.

हेही नवीन नाही. २००७ साली छापलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर एक भारी चॉकलेट १५ सेंटला आणि एक साधं १ सेंटला ठेवलं, तर घेणाऱ्यांतले ७३ टक्के भारीकडे वळले. दोन्हीची किंमत एकेक सेंटनं उतरवली, म्हणजे भारी १४ सेंट आणि साधं फुकट, तर ६९ टक्के साध्याकडे. फरक तेवढाच, पण शून्य दिसलं की हिशेब थांबतो. आमच्या पार्किंगमध्ये मात्र एक उलटा हिशेब करणाराही निघाला. हळदीच्या पेठेतला हमाल, मुलगी दहावीत. खोक्यापाशी थांबून मला म्हणाला, “बाकी समदं फुकट वाटताय आन् ह्याला पैसं. म्हंजी ह्यात कायतरी असणार.” वीस रुपये दिले, दोन कोश नेले.

फोन

चौथा रविवार केला नाही. मृगाचा पाऊस आला. उरलेली दोनेकशे पुस्तकं, त्यात मिळालेलीच जास्त, आता माझ्या घरी चार खोक्यांत आहेत आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न माझ्या यजमानांनी मला दर रविवारी विचारायचा असं ठरलेलं आहे.

दिवाळीनंतर मी रजिस्टरातल्या नंबरांवर फोन केले. सुरुवातीला विचारायचे, “वाचलं का पुस्तक?” लगेच आवाज बदलायचा. “हो हो, चालू आहे,” “थोडं राहिलंय.” पाच-सहा फोननंतर लक्षात आलं की मी बाईंसारखी गृहपाठ तपासते आहे. मग प्रश्न बदलला: “पुस्तक आत्ता घरात कुठे आहे?” याला कोणी खोटं उत्तर देत नाही, देऊन काय मिळणार.

टीव्हीच्या खाली. पलंगातल्या खणात. “थांबा, बघून सांगतो,” आणि मग सापडत नाही. देव्हाऱ्यात (ती पोथी होती, बरोबरच). स्पर्धा परीक्षेवाल्याचा ग्रंथ टेबलावरच होता, त्यावर पंखा ठेवला होता, उंची पुरावी म्हणून. सासूबाईंचं मोठ्या अक्षराचं पुस्तक शेजारच्या आजींकडे गेलं होतं. पुस्तक ‘इथे नाही, अमक्याकडे दिलंय’ असं ज्यांनी सांगितलं त्यांना त्यातलं काहीतरी आठवत होतं, न विचारता सांगत होते. पुस्तक घरात जागच्या जागी आहे असं सांगणारे त्यातलं फारसं काही बोलत नव्हते. नाटकवाल्यांनी तर फोनवरच विचारलं, “सरांच्या अजून खुणा केलेल्या प्रती आहेत का?”

कवींचा नंबर रजिस्टरात होता. मी लावला नाही.

आटपाडीच्या बाईंना शेवटी फोन केला. नकाशाचं पुस्तक कुठे आहे?

“भितीवर.”

“भिंतीवर?”

“पानं कापली वो. दक्षिणंचं येक, आन् आपल्या हितलं येक. चिकटवल्यात चुलीपाशी. बाकीचं नातवाला दिलं.” मग जरा थांबून, “चाललं न्हवं?”

पानं कापलेल्या पुस्तकापुढे आमच्या दाखल रजिस्टरात कुठला शेरा मारतात आणि वाचकाकडून किती भरपाई घेतात ते मला झोपेतही सांगता येईल. मी म्हटलं, चाललं. रजिस्टरात त्या ओळीपुढे ‘वापरात’ लिहिलं. बाई फोन ठेवेनात. धाकटा आता राजमुंद्रीहून हलला होता, मालकानं दुसरीकडे पाठवलं होतं, नाव काहीतरी ‘प’वरून होतं, आणि ते त्यांच्याकडच्या पानावर सापडत नव्हतं.